चार बोटं उंच

मी गुडघ्यांखालची गादी बोलतेय. झोपायची नव्हे हं. आमच्याकडे झोप लागते ती मागच्या बाकांवर, उपदेश लांबला की. मी असते पुढे, वेदीसमोरच्या लाकडी कठड्याला लागून, जमिनीवर. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या लूथरन मंडळीतली माणसं रांगेनं पुढे येतात, माझ्यावर गुडघे टेकतात, भाकर आणि द्राक्षारस घेतात आणि आपापल्या जागी परत जातात. याला प्रभुभोजन म्हणतात. बाकीचे दिवस मी रिकामीच असते, आणि रिकाम्या माणसाला सगळ्यांची खबर असते हे तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हा थोडं जास्त बोलले तर सांभाळून घ्या.

आम्ही चौघी बहिणी. कठड्याच्या उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत एकीला लागून एक. मी डाव्या टोकाची, म्हणजे सगळ्यात शेवटची. आमचा जन्म एका जुन्या पडद्यापासून झाला. दाराचा जाड, जांभळट लाल पडदा उन्हानं एका बाजूनं विटला होता, तो काढून टाकायचा होता. तेव्हाच्या पाळकीणबाई, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची बायको, म्हणाल्या, "टाकता कशाला? लोक फळ्यांवर गुडघे टेकतात आणि उठताना कण्हतात. याच्या गाद्या शिवून घेऊ." शिवणार कोण, तर मंडळीत नवीनच लग्न होऊन आलेली एक मुलगी. सुईत दोरा ओवायला तिला डोळा बारीक करावा लागत नसे, एवढीच तिची ओळख. तिनं आम्हाला कापलं, पोटात कापूस आणि शिंप्याच्या दुकानातली कातरणं भरली, आणि कडेनं अशी घट्ट शिवण घातली की आज इतक्या वर्षांनी मूळची शिवण आपणहून कुठे उसवलेली नाही. फाटलंय ते कापड.

तीच पुढे सगळ्यांची मावशी झाली. लहान पोरांची मावशी, पोरांच्या आईबापांची मावशी, तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या घड्याळवाल्या काकांचीही मावशीच.

मी चेहरे फारसे पाहत नाही. खाली पडून दिसणार काय? मला कळतात ते गुडघे. आणि एक सांगते, चेहऱ्याला नाटक येतं, गुडघ्यांना येत नाही. गवंडी टेकतो तो आधी दाबून बघतो, जमीन पक्की आहे ना याची खात्री केल्यासारखा. पाववाला दर वेळी माझ्यावर पिठाचे दोन गोल पांढरे ठसे ठेवून जातो आणि त्याची बायको मागून येऊन ते हातानं झटकते. घरून भांडून आलेलं जोडपं मधे वीतभर जागा सोडून टेकतं. उठताना ती वीत कुठे जाते त्यांनाही कळत नाही. घड्याळवाले काका आधी डाव्या पायाची विजार दोन बोटांनी वर ओढतात, मग उजव्या पायाची, मग एक लांब श्वास सोडतात आणि मग टेकतात. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी सगळ्यात शिस्तीचे. त्यांचा तो श्वास मला भक्तीचा वाटायचा.

सगळ्यांचे गुडघे मी ओळखत होते. फक्त जिनं मला शिवलं तिचे नव्हते. एक्केचाळीस वर्षांत मावशी प्रभुभोजनाला कठड्याशी आली नाही.

म्हणजे देवळात यायची. कोणाच्याही आधी यायची. वेदीवरची चादर धुऊन, इस्त्री करून अंथरायची, मेणबत्त्यांचं ओघळलेलं मेण सुरीनं खरवडायची. उपासनेला चौथ्या बाकावर भिंतीकडेला बसायची. गीत सुरू झालं की तिचा आवाज सगळ्यांच्या खालून, पण पक्का. मात्र प्रभुभोजनाची रांग लागली की ती आत सरकून पाय आकसायची, लोकांना जायला वाट करून द्यायची आणि स्वतः बसून राहायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "गुडघा वाकत नाही हो." कोणी फारसं विचारायचंही नाही. मावशीचा गुडघा ही मंडळीतली ठरलेली गोष्ट झाली होती, पत्र्याच्या गळक्या पन्हळीसारखी.

आता तुम्हाला खरं सांगते. साऱ्या मंडळीत मावशीइतके तयार गुडघे कोणाचे नव्हते. दर वर्षी आम्हाला दुरुस्तीला मागच्या खोलीत नेलं की ती उघड्या फरशीवर गुडघे टेकून बसायची आणि तासन् तास तशीच शिवत राहायची. उठताना हातही टेकायची नाही. काम संपलं की आम्हाला एकेकीला उलटीपालटी करून, हातानं सारखी करून परत कठड्याशी मांडायची. आणि मांडून झाल्यावर तळहात माझ्यावर जरा जास्त वेळ ठेवायची. तिला इथे यायचं होतं. तळहाताचं ओझं आणि मनाचं ओझं यातला फरक गादीला कळतो. पण का येत नव्हती ते मला ठाऊक नव्हतं.

मग आले नवे पाळकसाहेब. तरुण, उंच, बोलण्यात घाई, पण मनाचे चांगले. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच त्यांच्या लक्षात आलं की चौथ्या बाकावरची म्हातारी पुढे येत नाही. त्यांनी पंचांना विचारलं. तिला नाही विचारलं, पंचांना विचारलं. आमच्या मंडळीत प्रेम उदंड आहे, पण ज्याच्याबद्दल बोलायचं तो सोडून बाकी सगळ्यांना विचारायची खोड आहे.

उपासना संपल्यावर पंच कठड्यापाशीच उभे होते.

"गुडघा," घड्याळवाले काका म्हणाले. "फार वर्षांचा आहे."

"मग मी बाकापाशी घेऊन जाऊ का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नको, त्या संकोचतील. त्यापेक्षा असं करू. ही डाव्या टोकाची गादी चार बोटं उंच करून घेऊ. उंचीवर टेकलं की वाकावं कमी लागतं, आणि टोकाला कठडा धरून उठता येतं." काकांनी हे इतकं बारकाईनं सांगितलं की जणू बरेच दिवस विचार करून ठेवला होता.

सगळ्यांना पटलं. किती साधी गोष्ट, आपल्याला आधी कशी सुचली नाही, असं दोघा-तिघांनी म्हटलं. मग गवंडी म्हणाला, "पण शिवणार कोण?"

"मावशी," सगळे एकदम म्हणाले. "दुसरं आहे कोण?"

आणि एकालाही हसू आलं नाही. माझ्या पोटातला कापूस मात्र हलला.

त्यांनी तिला तिथेच बोलावून सांगितलं. भेट द्यावी तशा आनंदानं सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, "पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलांचं दृढीकरण आहे, त्याच दिवशी प्रभुभोजन. मी स्वतः तुमचा हात धरून पुढे आणीन, मावशी."

मला तिचा चेहरा दिसला नाही. तिच्या चपला एक पाऊल मागे सरकलेल्या दिसल्या. ती एवढंच म्हणाली, "कापूस लागेल थोडा."

दृढीकरण म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे बाप्तिस्मा तान्हेपणी होतो. तेव्हा बाळाला काय कळतंय? म्हणून तेरा-चौदाव्या वर्षी मुलं पाळकांकडे शिकायला जातात. दहा आज्ञा, विश्वासांगीकार म्हणजे आपण काय मानतो त्याची कबुली, प्रभूची प्रार्थना, सगळं अर्थासकट पाठ करायचं. मग एका रविवारी साऱ्या मंडळीसमोर उभं राहायचं, पाळक विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. उत्तर दिलं, आशीर्वाद मिळाला, की कठड्याशी यायची वाट मोकळी. त्याआधी नाही. आता पोरं असलेली माणसं अजूनही आपल्याला कुठला प्रश्न आला होता ते सांगत बसतात.

हा वर्ग शनिवारी दुपारी मागच्या खोलीत भरायचा. मोठी खिडकी तिथेच, म्हणून मावशीही शिवायला तिथेच. एका कोपऱ्यात पाच मुलं आणि पाळकसाहेब, दुसऱ्या कोपऱ्यात ती आणि मी. तिनं माझी एक बाजू उसवली आणि मूठ मूठ कापूस भरायला लागली. काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा भरपेट झाले.

पाववाल्याची मुलगी उत्तर द्यायला उभी राहिली आणि अर्ध्यात अडकली. तोंडात टाचण्या धरलेल्या मावशीच्या ओठांतून पुढचे दोन शब्द निसटले. मुलीनं ते उचलले आणि गाडी पुढे गेली. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला पाळकसाहेबांनी मान वळवली.

"मावशी, तुम्ही सांगताय की काय?"

"नाही हो. मी सुईशी बोलतेय."

"सुईला विश्वासांगीकार पाठ आहे?"

मुलं हसली. मावशीही हसली, पण तिची सुई तेवढ्यात माझ्यात दोनदा एकाच भोकातून गेली. अशी चूक तिच्या हातून कधी होत नाही.

वर्ग सुटला. मुलं धडपडत बाहेर गेली. पाळकसाहेब पुस्तकं आवरत होते, ते आवरता आवरता थांबले. म्हणाले, "मावशी, तुम्ही गुडघ्यांवर बसलाय."

"हो."

"फरशीवर. मघापासून."

"तास झाला असेल," ती म्हणाली. आणि मग काय वाटलं कोण जाणे, तोंडातल्या टाचण्या काढून तिनं डबीत टाकल्या. "गुडघ्यांना काय धाड भरलीय, साहेब. माझं दृढीकरणच झालेलं नाही."

पाळकसाहेब खाली बसले. खुर्चीवर नाही, तिच्यासमोर फरशीवर.

तिनं सांगितलं ते मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. तिचे वडील तिच्या माहेरच्या मंडळीतले मास्तर, मुलांना हाच सगळा अभ्यास तेच शिकवायचे. ती वर्गात पहिली. परीक्षेच्या रविवारी कोणाला काय विचारायचं ते पाळक मास्तरांशी बोलून ठरवायचे. वडिलांनी मायेनं आपल्या पोरीला सगळ्यात सोपा प्रश्न ठेवला, तीन वर्षांच्या मुलालाही येईल असा. ती अवघडातल्या अवघड प्रश्नाची तयारी करून उभी राहिली होती. सोपा प्रश्न कानावर आला आणि तिला वाटलं, यात काहीतरी खोच आहे. ती शोधत बसली. जेवढी शोधत गेली तेवढं होतं नव्हतं ते सगळं डोक्यातून गेलं. मंडळी बघतेय, वडील मान खाली घालून बसलेत. ती दारातून पळाली ती थेट घरी.

"वडील म्हणाले, पुढल्या वर्षी. पुढल्या वर्षी ते स्वतःच नव्हते. आणि नंतर कोणी विषय काढला नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हा जुन्या पाळकांनी आमच्या यांना विचारलं, दृढीकरण झालंय ना? हे म्हणाले, मास्तरांची मुलगी आहे ती, विचारता काय? झालं. मी तिथेच उभी होते, मला कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. मग पहिला रविवार आला आणि मला उठवेना. गुडघा म्हटलं. गुडघ्याचं खोटं बोलायला काही वाटलं नाही. इथे कठड्याशी येऊन खोटं टेकायचं मात्र जमेना."

पाळकसाहेबांची घाई परत आली. "एवढंच ना? आत्ता वहीत नाव लिहितो. तुम्हाला सगळं येतं, मी स्वतः ऐकलंय. पहिल्या रविवारी सरळ या पुढे."

"नको. मला विचारा. सगळ्यांसमोर. मुलांच्या ओळीत उभी राहते."

"कशाला हा त्रास, मावशी? तुम्हाला येतं हे मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे. मला कुठे माहीत आहे?" तिनं दोरा दातानं तोडला. "आणि सोपं विचारू नका. दया केलीत तर परत पळेन."

मग राहिलेले दिवस तिनं जे पाठांतर चालवलं ते विचारू नका. मला शिवून झालं तरी ती रोज येऊन मला उगाच एक टाका घालायची आणि तोंडानं पहिल्या आज्ञेपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं म्हणायची. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी मनात म्हटलं, आता कोणाची बिशाद आहे हिला अडवायची.

तो रविवार आला. मी चार बोटं उंच होऊन डाव्या टोकाला ऐटीत बसले होते. बहिणी माझ्याकडे बघून घेत होत्या. पाळकसाहेब म्हणाले, "आज आपल्यासमोर सहा जण आहेत." बाकांवर चुळबूळ झाली, कारण मुलं पाचच हे सगळ्यांना माहीत होतं. मग मावशी चौथ्या बाकावरून उठली आणि पाच पोरांच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पाववाल्याच्या मुलीनं तिचा हात धरला की तिनं मुलीचा, ते मला खालून नीट दिसलं नाही. पाळकसाहेबांनी तिच्या सांगण्यावरून चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. गुडघ्याचंही. घड्याळवाल्या काकांचा बूट हलायचा थांबला.

पाचही मुलांनी उत्तरं दिली. एक-दोघं अडखळली, पण तरली. मग पाळकसाहेब तिच्यासमोर आले. दिलेला शब्द पाळला त्यांनी, दया केली नाही. "प्रभूच्या मेजाशी येण्याला योग्य कोण?" त्यांनी विचारलं. हे उत्तर लांब आहे, आणि मुलं याला सगळ्यात घाबरतात. कालच तिनं ते माझ्यावर हात ठेवून दोनदा म्हटलं होतं.

ती बोलली नाही.

मला वाटलं, श्वास घेतेय. मग वाटलं, फार लांब श्वास झाला. तिच्या चपलांच्या टाचा उचलल्या गेल्या आणि परत टेकल्या. दार सरळ समोर होतं, उघडं होतं. साऱ्या मंडळीला उत्तर येत होतं, आणि मला ते ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण गादीला तोंड कुठे असतं.

"सकाळी येत होतं," ती शेवटी म्हणाली. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आत्ता काही आठवत नाही. एक शब्द नाही." मग थांबून म्हणाली, "पण मला तिथे यायचंय. फार वर्षं झाली, मला तिथे यायचंय."

आणि ती पळाली नाही. तिथेच उभी राहिली.

पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग ते म्हणाले, "हेच उत्तर आहे, मावशी. पुस्तकात जरा लांबवून लिहिलंय, एवढंच." आणि त्यांनी तिच्या पांढऱ्या केसांवर दोन्ही हात ठेवले.

रांग लागली. मी वाट पाहत होते. एक्केचाळीस वर्षं आणि चार बोटं कापूस, सगळं तिच्यासाठी. पण सहाही जण उजव्या टोकापासून टेकत आले, आणि मावशी माझ्या शेजारच्या बहिणीवर टेकली. माझ्यावर नाहीच. हातभर अंतरावरून मी फक्त ऐकलं. पाळकसाहेब म्हणाले, "हे तुझ्यासाठी दिलेलं आहे," आणि कठड्याचं लाकूड तिच्या हातांखाली दबलं ते माझ्यापर्यंत आलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी भिजले नव्हते, बहीण भिजली होती, दोन थेंब.

माझ्यावर कोण टेकलं माहितीय? घड्याळवाले काका. डावी विजार, उजवी विजार, पण या वेळी तो लांब श्वास आलाच नाही. अलगद टेकले, कठडा धरून अलगद उठले. तेव्हा मला उलगडा झाला की दुखणारे गुडघे कोणाचे होते, आणि तो श्वास कसला होता.

बाहेर जाताना मावशीनं त्यांना गाठलंच. "काका, बरी झालीय का गादी?"

"तुमच्यासाठी केली होती," काका पुटपुटले.

"हो ना. माप मात्र तुमचं बसलं. डॉक्टरांना दाखवलंत का कधी?"

"कोणी विचारलंच नाही."

"मी विचारतेय की," ती म्हणाली, आणि दोघं दारातून हसत गेली.

याला आता सहा वर्षं झाली. मी अजून चार बोटं उंच आहे. काका, टपालवाल्याची आई, कंबर दुखणारी एक-दोघं, अशी सगळी माझ्याकडे येतात. मावशी दर महिन्याला येते आणि बहिणींवर टेकते, कारण उंच गादी ज्यांना दुखतं त्यांच्यासाठी, असं ती ठासून सांगते. तिला दुखत नाही ना अजून. पण सुईत दोरा ओवताना हल्ली ती डोळा बारीक करते, आणि मागच्या महिन्यात फरशीवरून उठताना तिनं हात टेकला. कोणी पाहिलं नाही, मी पाहिलं.

परवा पंचांचं बोलणं कानावर आलं. आमचं कापड जीर्ण झालंय, चौघींच्या जागी रबराच्या नव्या गाद्या आणायच्या म्हणतात. त्यांचं बरोबरच आहे, बहिणींची वाट लागलीय, मलाही दोन ठिगळं आहेत. तक्रार नाही. पण तुमच्यापैकी कोणाची त्यांच्याशी ओळख असेल तर माझा एक निरोप द्या. तिघींना न्या. मला थोडी थांबू द्या. माझ्यावर टेकायचं जिचं राहिलंय, ती हळूहळू येतेय.